दुसऱ्या आकड्याची वाट

"एक आकडा म्हणजे आकडा नव्हे, ती अफवा," असं ती नेहमी म्हणायची. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती इतकी वर्षं काम करत होती, की हे वाक्य तिचं स्वतःचं की तिला शिकवणाऱ्या बाईंचं, हे तिलाही आता नक्की सांगता आलं नसतं. शहरातल्या टाक्यांमधून आणि नळांमधून भरलेल्या बाटल्या यायच्या. प्रत्येक बाटलीतलं पाणी दोनदा तपासलं जायचं, आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ बसले तरच खाली तिची सही व्हायची. सही झालेला कागद ती टेबलाच्या डाव्या कडेच्या ट्रेमध्ये ठेवायची. तिथून पुढे तो कोण नेतो, कुणाच्या हातात कधी पडतो, याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिचं काम ट्रेपर्यंत होतं.

हे वाक्य घरातही मुरलं होतं. ताप आला की मुलगीच थर्मामीटर झटकून परत पुढे करायची, "आई, अजून एकदा लाव, नाहीतर अफवा." नवऱ्याचा रक्तदाब, मुलीची उंची, शाळेतले गुण, काहीही मोजलं की तो आकडा आधी आईकडे जायचा. ती तो बघायची, मान हलवायची किंवा हलवायची नाही, आणि मग तो घरात खरा मानला जायचा.

मुलीला सगळे बारकी म्हणत. जन्मली तेव्हा ती खरंच मूठभर होती. आता माळ्याच्या खालून जाताना बापाबरोबर तीही मान वाकवायची, पण नाव तेच राहिलं.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. बारकी लहान असताना सुट्टीच्या दिवशी तो तिला कामावर घेऊन जायचा आणि जिन्याच्या पायरीवर बसवून ठेवायचा. तिथे बसून बसून तिला आवाजाचं वेड लागलं. वर दोरी कुरकुरतेय की चाक, हे ती बापाच्या आधी सांगायला लागली. मग कुठल्याही नव्या इमारतीत शिरली की पहिल्यांदा एक टाळी वाजवायची आणि ती परत कशी येते ते डोळे बारीक करून ऐकायची. "हा जिना बरा आहे," असा शेरा द्यायची. किंवा, "इथे राहणारे खूप भांडत असणार. सगळं दोनदा ऐकू येतं." पाहुण्यांच्या दारात तिने असं काही म्हटलं की आई डोळे वटारायची आणि बाप तोंड फिरवून हसायचा.

दूरच्या एका शहरातल्या कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवत. सभागृहं कशी बांधायची, कारखान्यांचा गोंगाट कसा अडवायचा, ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रं कशी करायची, असा तो अभ्यासक्रम होता. त्या कॉलेजात एक खोली होती. तिच्या भिंतींना, छताला आणि जमिनीलाही फेसाचे लांब सुळके लावलेले होते. मधे ताणलेल्या जाळीवर उभं राहायचं. तिथे केलेला कुठलाही आवाज परत येत नसे. बारकीने त्या खोलीचा फोटो अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला होता.

"तिथे उभी राहून मी एक टाळी वाजवणार," ती म्हणायची.

"आणि मग?"

"मग काही नाही. तीच तर गंमत."

त्या अभ्यासक्रमाला जागा थोड्या, आणि त्या सगळ्या अर्जांच्या पहिल्याच फेरीत भरत. अर्ज, शाळेचे दाखले, शिक्षकांची शिफारस हे सगळं बारकीने वेळेत पाठवलं होतं. राहिले होते ते प्रवेश चाचणीचे गुण. ही चाचणी वर्षातून अनेकदा व्हायची. ज्याला जितक्या वेळा द्यायची त्याने तितक्या वेळा द्यावी आणि हवे ते गुण कॉलेजला पाठवावेत. पाठवायचे म्हणजे आपण नव्हे. आपण फक्त विनंती करायची, चाचणी घेणारी संस्था गुण थेट कॉलेजला कळवायची. विद्यार्थ्याने स्वतः दिलेली प्रत कुणी हातात धरत नसे.

पहिल्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा तिघं स्वयंपाकघरात होती. चहा उतू जायच्या बेतात होता.

"तीनशे एक्केचाळीस!" बारकी ओरडली.

"चारशेपैकी?" बापाने विचारलं.

"मग काय हजारापैकी? बाबा, काय रे तू!"

"मग पार्टी पाहिजे," बाप म्हणाला आणि गॅस बंद करायला धावला.

बारकीने फोन आईच्या हातात दिला. आईने चष्मा लावला. "या कॉलेजात साधारण किती गुणांची मुलं घेतात?"

"तीनशे तीस ते तीनशे पासष्ट."

"म्हणजे तू मध्याच्या खाली आलीस."

"पण आत आहे ना!"

"आत आहे."

"मग पाठवू?"

आईने फोन परत दिला. "दुसऱ्यांदा नाव नोंदवलंच आहेस ना? ती होऊ दे. दोन्ही बघू आणि चांगले ते पाठवू. एका आकड्यावर कशाला निघायचं?"

"तिथे लिहिलंय, शक्य तितक्या लवकर पाठवा."

"असं सगळीकडेच लिहिलेलं असतं गं. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाटलीवर 'तातडीचे' असा शिक्का असतो."

बापाने कप पुढे सरकवले. "अगं, लिफ्ट दारात आली की चढायचं असतं. पुढची रिकामी येईल म्हणून थांबणारे शेवटी जिन्याने जातात."

"आणि तुमच्या लिफ्टा मधेच अडकतात, त्याचं काय?"

"अडकतात म्हणून तर आपली चूल पेटते." त्याने दोन्ही हात वर केले. "जाऊ दे बाई. आकड्यांत मी तुझ्यापुढे तोंड उघडत नाही."

तो विषय तिथेच संपला. बारकीने काही वाद घातला नाही. आईने म्हटलं म्हणजे ते बरोबर असणार, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुसरी चाचणीही झाली. संध्याकाळी बारकी घरी आली, बूट काढले, आणि संस्थेच्या पानावर काहीतरी वाचत आईजवळ येऊन बसली. कॉलेजचं नाव आत्ताच देऊन ठेवलं, तर निकाल तयार होताच गुण आपोआप तिकडे जाणार होते. फक्त ते आधी आपल्याला बघायला मिळणार नव्हते. तिने त्या चौकटीत खूण केलीसुद्धा होती.

"न बघितलेला आकडा बाहेर पाठवायचा?" आई म्हणाली. "आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी बाटल्या धुवायला बसवतील."

बारकी हसली आणि तिने खूण काढून टाकली.

हे हसणं आईला पुढे फार आठवायचं. आपण दरडावलं असतं, ती रुसली असती, तर बरं झालं असतं असं वाटायचं. निदान पुढे मुलीला चिडायला जागा राहिली असती.

आई निष्काळजी होती असं कुणी म्हणू शकलं नसतं. चाचणीची माहितीपुस्तिका तिने छापून घेतली होती. गुण कसे काढतात, वेगवेगळ्या दिवशींच्या प्रश्नपत्रिका एका पातळीवर कशा आणतात, एकाच विद्यार्थ्याचे गुण दोन चाचण्यांत कितीने इकडेतिकडे होऊ शकतात, हे सगळं तिने पेन्सिल हातात घेऊन वाचलं होतं. 'गुण पाठवणे' असं शीर्षक असलेल्या पानांवर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. कॉलेजची शेवटची तारीख तिला पाठ होती. दुसरा निकाल त्याच्या आठवडाभर आधी लागणार होता. आठवडा म्हणजे भरपूर झाला, असं तिने धरलं. निकाल लागल्यावर आणखी काय राहतं?

निकाल ठरल्या दिवशी लागला. तीनशे चव्वेचाळीस.

बारकी खूश झाली. "तीन वाढले, आई!"

आईने आकडा बघितला आणि मान हलवली. तीन गुण म्हणजे काहीच नव्हे, हे तिला त्याच क्षणी दिसलं. पुस्तिकेतच दिलं होतं, बारा-पंधराच्या आतला फरक हा फरक धरू नये. मुलगी तीच होती, मापही तेच होतं, दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देत होते. प्रयोगशाळेत असती तर तिने समाधानाने सही केली असती.

"पाठव आता," ती म्हणाली.

बारकीने बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'विनंती स्वीकारली आहे.' आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत, विनंत्या एकत्र करून ठरावीक दिवशी पाठवल्या जातात. कॉलेजला गुण पोचून ते अर्जाला जोडले जाण्यासाठी दोन ते तीन आठवडे धरावेत.

आईने ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

"आई? काय झालं?"

"काही नाही. जास्तीत जास्तच लिहितात ते. त्याच्या आधीच पोचतात," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती मोजल्याशिवाय काहीतरी सांगत होती.

पुढचे दिवस बारकी कॉलेजच्या पानावर स्वतःचा अर्ज उघडून बघायची. दाखले, मिळाले. शिफारस, मिळाली. चाचणीचे गुण, अद्याप मिळालेले नाहीत. सुरुवातीला ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. मग नुसतंच बघून फोन पालथा ठेवायला लागली. शेवटची तारीख आली, संध्याकाळ झाली, ओळ बदलली नाही. बाप कामावरून आला, दारातच दोघींचे चेहरे बघितले आणि हातपाय धुवायला गेला.

नंतरच्या आठवड्यात आईने प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यातून कॉलेजला फोन केला. पलीकडची बाई सौम्य बोलणारी होती.

"गुण आले आहेत की. काल आले."

"काल आले ना? मग झालं तर..."

"पण आमच्या तारखेनंतर आले. त्यामुळे अर्ज पहिल्या फेरीत अपुरा राहिला. तो दुसऱ्या फेरीत धरता येईल, पण ध्वनिशास्त्राच्या जागा त्या फेरीत नसतात. दुसरा कुठला विषय हवा असेल तर..."

"तिच्या पहिल्या चाचणीचे गुणही होते आमच्याकडे. तीनशे एक्केचाळीस. आम्ही दुसऱ्या निकालासाठी थांबलो होतो."

"तेही चालले असते हो," बाई हळू आवाजात म्हणाली. "तेवढ्यात झालं असतं."

"मी सही-शिक्क्यासह प्रत पाठवली तर? मी स्वतः प्रयोगशाळेत..."

"नाही चालत, ताई. नियमच आहे तसा."

तिला नियम कळत होता. गेल्याच महिन्यात एका कारखान्याचा माणूस उशिरा पोचलेली बाटली घेऊन तिच्यासमोर उभा होता. रस्ता बंद होता, गाडी बिघडली होती, सगळं खरं होतं. तिने शांतपणे त्याला परत पाठवलं होतं. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

आत तिच्या शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी पिपेट काम करत होता. तो इतका उंच आणि सडसडीत होता की पाणी मोजायच्या बारीक काचनळीवरून त्याला कॉलेजपासून सगळे पिपेटच म्हणत आणि तो ते नाव अभिमानाने मिरवायचा. त्याच्या मुलानेही त्याच वर्षी चाचणी दिली होती.

"आमच्या चिरंजीवांचं ऐकलंत का?" तो म्हणाला. "तीनशे दहा पडले. मी म्हटलं, अरे, थोडी लाज बाळग, पुन्हा दे. तर म्हणतो, बाबा, जे आहे ते आहे, पाठवून मोकळा झालोय. आणि लागला की इथल्याच कॉलेजात नंबर! असल्या कार्ट्यांचंच बरं असतं."

"छान झालं," ती म्हणाली.

"तुमच्या बारकीचं झालंच असेल म्हणा. ती तुमच्यावर गेलीये."

तिने समोरची बाटली उचलली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचायला लागली. "हो," ती म्हणाली. "माझ्यावरच गेलीये."

घरी गेल्यावर तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. बारकीच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि जे फोनवर ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. एक्केचाळीस चालले असते, हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर चाललं असतं, पण आकडा लपवणं तिला जमत नव्हतं.

"चूक माझी आहे, बारकी."

"असू दे, आई."

"असू दे कसं?"

"मग काय करू? ओरडू?" बारकीने खोलीभर नजर फिरवली. "या खोलीत घुमतही नाही धड."

ती हसली नाही, रडलीही नाही. समोरचा फोटो तिने काढला नाही, आणि त्यामुळे आईला त्या खोलीत जाणं जड व्हायला लागलं.

त्या रात्री जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "मी बोलायला हवं होतं."

"तुम्ही बोलला होतात."

"हसत हसत बोललो. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

दुसऱ्या फेरीत बारकीला जवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला. तिने तो घेतला नाही. "मी वर्षभर थांबते आणि पुन्हा तिथेच अर्ज करते," ती म्हणाली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आईच्या ओठावर आलं होतं. पण हे वाक्य आता तिच्या तोंडी शोभलं नसतं. तिने ताटातलं संपवलं आणि उठली.

चौकातल्या कानांच्या दवाखान्यात बारकी मदतनीस म्हणून लागली. लोकांना आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक-बारीक सूर सोडायचे. ज्या सुराला बटण दाबलं जाईल त्याची कागदावर खूण करायची. कामात ती रमली. घरी मात्र कमी बोलायची. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. विचारलं की उत्तर यायचं. फक्त स्वतःहून काही यायचं नाही. दवाखान्यात पगार किती ठरला, तेही आईला नवऱ्याकडून कळलं.

एका संध्याकाळी आई घराची किल्ली विसरली म्हणून दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर बसली. आतून बारकीचा आवाज येत होता, जरा मोठा, ठासून बोलणारा.

"आजोबा, नक्की ऐकू आलं की मगच दाबायचं, असं नाही हं. ऐकू आल्यासारखं वाटलं तरी दाबा."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. ते मी बघते. तुम्ही थांबलात तर मात्र मला काहीच कळणार नाही."

आजोबा गेल्यावर बारकी बाहेर आली. आईला बघून तिने खिशातून किल्ली काढली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "आलीच आहेस तर बस आत. तुझे कान बघते. फुकट."

आई आत बसली. जाड दार लागलं. काचेपलीकडे बारकी मान खाली घालून बटणं फिरवत होती. कानात एक बारीक सूर आला, गेला. आईने बटण दाबलं. त्याहून बारीक आला. तो सूर होता की स्वतःच्या कानातला आवाज, ते तिला ठरवता येईना. तिने पुढच्या सुराची वाट बघितली. पुढचा आला तेव्हाही तसंच झालं. असंच बराच वेळ चाललं.

दार उघडून बारकीने कागद पुढे धरला. "या आलेखाप्रमाणे तू बाबांची आजी लागतेस."

"अगं बाई! इतके गेलेत कान?"

"कान चांगले आहेत. मी काचेतून बघत होते ना. सूर आला की तुझ्या भुवया हलतात. बोट हलत नाही."

"मला वाटलं, नक्की होऊ दे."

बारकी हेडफोन पुसत राहिली. दोघींनाही माहीत होतं की त्या आता कानांबद्दल बोलत नव्हत्या. त्या गोष्टीबद्दल त्यांच्यात जेवढं बोलणं झालं, ते एवढंच.

"पुन्हा घेऊ?" शेवटी बारकीने विचारलं. "दुसऱ्यांदा बरा येईल."

"नको," आई म्हणाली. "हाच राहू दे."

तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी चालत जाताना बारकी तिच्या अर्धं पाऊल पुढे होती. आईला वाटलं आता काहीतरी बोलावं, पण काय, ते नीट जुळेपर्यंत घर आलं.

आदल्या वर्षीचे गुण चालत नसत, म्हणून नव्याने चाचणी द्यायला बारकी एकटीच गेली. संध्याकाळी जेवायच्या वेळी परत आली, हात धुऊन टेबलाशी बसली.

"कशी गेली?" बापाने विचारलं.

"बरी गेली."

"निकाल कधी?" आईने विचारलं.

"दोनेक आठवड्यांत." तिने पाण्याचा पेला भरला. "कॉलेजचं नाव देऊन टाकलंय. निकाल लागला की तिकडे परस्पर जाईल."

"न बघता?"

"हो. न बघता."

नवऱ्याने आईकडे बघितलं. आईने भाजीचं भांडं उचलून मुलीपुढे सरकवलं. "बरं केलंस," ती म्हणाली. तिला ते मनापासून म्हणायचं होतं, आणि ते मनापासूनच होतं. तरी हातातला चमचा ताटाच्या कडेला लागून वाजला.

निकालाच्या सकाळी ती कामावर जायला उशीर करत राहिली. चहाचे कप दोनदा विसळले. बारकीच्या खोलीचं दार बंद होतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बारकी बाहेर आली, बापाच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

"लागला का गं?" आईने विचारलं.

"लागला. ठीक आहे, आई." बारकी तिच्याकडे बघून हसली. वाईट हसणं नव्हतं. पाहुण्यांना द्यावं तसं, नीट, स्वच्छ हसणं होतं. मग तिने डबा उचलला आणि कामावर गेली.

जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत दोघं उभी होती.

"सांगू तुला?" नवरा म्हणाला. "तिने सांगू नको असं काही म्हटलेलं नाही."

"नको."

"अगं, चांगलाच आहे आकडा."

"तुम्ही नका सांगू. तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल."

तो चप्पल शोधायला लागला.

कॉलेजचं उत्तर आलं तेव्हा मात्र बारकीने ते दोघांना एकदमच दाखवलं. ध्वनिशास्त्र, पहिली फेरी. बाप तिला उचलायला गेला आणि कंबर धरून खाली बसला. सगळे हसले. आईने पत्र दोन वेळा वाचलं. त्यात गुणांचा उल्लेख नव्हता. बॅगा भरताना, बसच्या रांगेत, शेवटी खिडकीतून हात हलवताना, प्रत्येक वेळी तिला वाटलं की आता बारकी सहज म्हणून जाईल. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मुलीचं वय, वजन, उंची, गुण सगळं तिला पाठ आहे, आणि ज्या आकड्याने ती घरातून गेली तेवढा एक माहीत नाही.

पहिले काही आठवडे बारकीचे फोन बापाला यायचे. मग एका रविवारी दुपारी आईच्या फोनवर तिचं नाव दिसलं. आईने हातातली सुरी खाली ठेवली.

"आई, आज गेले होते त्या खोलीत."

"कुठल्या? त्या?"

"त्याच. आज पहिल्यांदा आत सोडलं आम्हाला."

"वाजवलीस टाळी?"

"वाजवली."

"मग?"

"मग काही नाही!" बारकी म्हणाली, आणि ती खरंच हसली, जिन्यात हसायची तशी. "आई, इतकं विचित्र वाटतं ना. हात एकमेकांवर आपटलेले कळतात, पण टाळी कुठे जाते तेच कळत नाही. एक मुलगा घाबरून बाहेर पळाला."

आईही हसली. फोनच्या पलीकडे बारकी श्वास घेत होती. कुठेतरी दार वाजलं, कुणीतरी कुणाला हाक मारली. आईच्या जिभेवर प्रश्न येऊन थांबला होता. किती मिळाले होते गं तुला? एवढाच. आत्ता विचारलं तर तिला कसं वाटेल? इतक्या दिवसांनी स्वतःहून फोन केलाय, त्यात हे उकरून काढलं असं तर वाटणार नाही? तिच्या आवाजावरून आईला अंदाज येईना. अजून एखादं वाक्य बोलू दे तिला, आईने ठरवलं. म्हणजे नक्की कळेल.

"चल आई, हाक मारतायत. ठेवते."

"हो, हो. जेवत जा वेळेवर."

फोन बंद झाला. आईने तो कानाला तसाच धरून ठेवला होता, ते तिला नवरा दारात येऊन उभा राहिल्यावर कळलं.

"कुणाचा, बारकीचा? काय म्हणाली?"

आईने फोन ओट्यावर ठेवला आणि सुरी उचलली.

"टाळी परत आली नाही म्हणाली."